झरा, टेकडी आणि रामचंद्रपंत

तुमसरजवळ सातपुड्याच्या रांगेत आंबागड आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात राजाखान पठाणाने तो बांधला असे मानतात. नागपूरकर भोसल्यांनी पुढे त्याचा तुरुंग केला. कैद्यांना आतल्या विहिरीचे कुजके पाणी पाजून मारीत, ही कथा जुन्या गॅझेटिअरातही आली आहे. कथा खरी असो वा नसो, गडाचा जीव पाण्यात असतो हे ती नेमके सांगते. हीच गोष्ट तिकडे सह्याद्रीत एका मराठी कारभाऱ्याने शास्त्र म्हणून मांडली. तो कारभारी म्हणजे रामचंद्रपंत अमात्य.

पंत नुसते पोथीपंडित नव्हते. 1689 मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे गेले, तेव्हा 'हुकूमतपन्हा' या किताबासह महाराष्ट्राचा कारभार त्यांच्याकडे आला. समोर खुद्द औरंगजेब! संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मोगलांच्या रसदेवर तुटून पडत. गड बादशहाला जागोजाग खिळवून ठेवीत. एकट्या साताऱ्यापुढे त्याचे चारएक महिने गेले.

हा अनुभव 1715 च्या 'आज्ञापत्रा'त उतरला. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी खोदावीत, असे पंत सांगतात. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात. हे वाक्य वेढा सोसलेल्या माणसालाच सुचावे. गडाजवळ दुसरा उंच डोंगर असू नये. असल्यास सुरुंगाने उडवावा, न जमल्यास तटबंदीत घ्यावा. अधिकाऱ्यांना एका जागी मुरू देऊ नये. यामागचे कारण उघड आहे: मोगलांनी कित्येक गड तोफांनी नव्हे, पैशाने घेतले होते.

टोपीकर व्यापाऱ्यांना समुद्रकाठी पक्की जागा देऊ नये, असेही ते बजावतात. शंभर वर्षांनी इंग्रज रेसिडेन्सी समुद्रापासून कितीतरी दूर, भोसल्यांच्या राजधानीलगत सीताबर्डीला होती.

वैनगंगेच्या सपाटीवर सह्याद्रीचे कातळकडे नाहीत. भोसल्यांची भिस्त घोडदळावर. तरी पंतांचा डोंगराचा नियम इथेही लागू पडला. सीताबर्डीला जवळजवळ दोन टेकड्या. 27 नोव्हेंबर 1817 च्या सकाळी भोसल्यांच्या अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तेथून मोठीवर मारा सुरू केला. इंग्रज पेचात सापडले. मग कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मैदानात मुसंडी मारली, पारडे फिरले आणि लहान टेकडीही परत गेली. लढाईनंतर इंग्रजांनी तिथे किल्ला बांधला.