कॉफी कपात, बेरी केकात!

अमेरिकेत ‘कॉफी केक’ मागवलात, तर त्यात बहुतेक वेळा कॉफीचा थेंबही नसतो. कॉफीबरोबर खायचा, म्हणून तो कॉफी केक. जर्मन आणि स्कँडिनेव्हियन कुटुंबांबरोबर तो तिकडे पोचला, तेव्हा यीस्टनं फुगायचा. यीस्टची वाट पाहणं संपवलं बेकिंग पावडरीनं आणि तिच्यामागे आहे एका नवऱ्याची काळजी! बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे, म्हणून या औषधविक्रेत्यानं १८४३ मध्ये फुगवणारी पावडर बनवली. तिला अंडंही चालत नसे. म्हणून बिनअंड्याची कस्टर्ड पावडरही त्याचीच.

केकवरचा कुरकुरीत चुरा ही याची खरी शान. शंकरपाळ्यांना कडकडीत मोहन लागतं. या चुऱ्यासाठी मात्र लोणी थेट फ्रिजमधून काढायचं आणि मैदा, साखर, दालचिनीत बोटांच्या टोकांनी भराभर चोळायचं. लोणी वितळलं की चुऱ्याचा गोळा होतो.

या केकात बेरी घालतात. ब्लूबेरी घातलेला केक कापल्यावर तिच्याभोवती हिरवट कडं दिसलं तर घाबरू नका. फळातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आंबटात लालसर होतं आणि सोडा जास्त झाला की निळं-हिरवं. यावर आपल्या घरचा उपाय म्हणजे चक्का. तो आंबट असल्यानं सोड्याला आवरतो, शिवाय मिश्रण दाट करतो. बेरी मैद्यात घोळवली की तळाशी जात नाही असं म्हणतात, पण तिला तोलून धरतं ते दाट मिश्रणच.

ही ब्लूबेरी शंभरेक वर्षांपूर्वीपर्यंत रानातच वेचत. न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी वेचणाऱ्यांना पैसे देऊन सगळ्यात टपोऱ्या फळांची झुडपं शोधवली, वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी त्यांचा संकर केला आणि १९१६ मध्ये लागवडीची ब्लूबेरी बाजारात आली.

केकात घालायची दुसरी बेरी म्हणजे स्ट्रॉबेरी. तिची कथा तर हेरगिरीची! फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी अभियंता चिलीतल्या स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी करायला गेला आणि १७१४ मध्ये तिथल्या टपोऱ्या स्ट्रॉबेरीची रोपं घेऊन परतला. फ्रान्समध्ये तिचा उत्तर अमेरिकेतल्या जातीशी संकर झाला. त्याच वंशातली स्ट्रॉबेरी आज महाबळेश्वरच्या वाफ्यांतही पिकते. या महाबळेश्वरी स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणखी एक गंमत: तिच्या अंगावरचा प्रत्येक ‘दाणा’ हे खरं फळ, लाल गर नुसता फुगलेला देठ. शास्त्राच्या हिशेबात ती बेरी नाहीच. नाशिकचं द्राक्ष आणि जळगावचं केळं मात्र अस्सल बेरी!

स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, म्हणून देठापर्यंत लाल झालेलीच घ्या. ती नव्वद टक्के पाणीच असते. धुऊन, फडक्यावर कोरडी करून, मोठे तुकडे मिश्रणाच्या वरच्या थरावर ठेवा. आणि केक पुरता निवल्याशिवाय सुरी लावू नका, नाहीतर फळाचा रस सगळीकडे पसरेल.