मंडईचे पाहुणे आणि निखाऱ्यांवरचे पानगे

भगिनींनो, तुमच्या गावची मंडई यंदा कोणत्या दिवशी आहे?

दिवाळी सरली, हलके धान घरात आले, की आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे मंडया भरू लागतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा दंडार आणि दुकाने, रात्री नाटक. लेकी, जावईबापू, भाचे, मामा सारे येतात. नागपुरात नोकरीला असलेला मुलगा शनिवारच्या गाडीने गोंदियाला उतरतो आणि रविवार घरी काढतो. सोयरिकीच्या गोष्टीही याच दिवसांत निघतात. म्हणून मंडई ही नुसती जत्रा नव्हे, ती नात्यागोत्याची वर्षातली गाठभेट आहे.

पण या गाठभेटीत घरच्या सुनेची गाठ कोणाशी पडते? चुलीशीच ना?

माझीच गोष्ट सांगते. लग्नानंतरची चौथी-पाचवी मंडई असेल. घरात सतरा पाहुणे होते. माझ्या माहेरची मंडई नेमकी दुसऱ्या दिवशी होती आणि भाऊ न्यायला आला होता. "पाहुणे गेले, की येते," असे सांगून मी त्याला परत पाठवले. पाहुणे तीन दिवसांनी गेले. रात्रीच्या नाटकाची पेटी तेवढी मला स्वयंपाकघरातून ऐकू आली. पुढल्या मंडईला मी माहेरी गेले, तेव्हा आई नव्हती.

मला कोणी अडवले नव्हते, हे खरे. पण "तू जा, आम्ही करून घेऊ," असे म्हणायला कोणाला सुचले नाही, आणि मागायला माझी जीभ उचलली नाही.

त्यानंतरच्या वर्षी सासूबाईंनीच तोड काढली. म्हणाल्या, "यंदा स्वयंपाक बाहेर. पानगे करू. सगळे मिळून करू." सांदवाडीत गोवऱ्या रचल्या आणि माझे घर त्या दिवसापासून बदलले.

पोळीचे काम असे, की एकीने लाटावे, भाजावे आणि बाकीच्यांनी गरम गरम खावे. गॅस आला तरी ते बदलले नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, पुष्कळ घरांतला धूर कमी झाला. तो सुनेच्या डोळ्यांना मोठाच आराम आहे. रोजच्या स्वयंपाकाला गॅसच बरा. पण गॅसपुढे उभी राहणारी बाई एकटीच राहिली. पानग्यांचे तसे नाही. एका वेळी पंधरा-वीस भाजले जातात, आणि निखाऱ्यांभोवती बसलेल्या प्रत्येकाला काही ना काही काम मिळते.

पानगे गव्हाचेही होतात, पण आपला जिल्हा धानाचा. गिरणीतून आलेली कनकी धुऊन, सावलीत वाळवून दळून आणली, की पीठ तयार. गव्हाच्या पिठात पाणी पडले, की चिकट जाळे धरते आणि पोळी ताणली जाते. तांदळात ते जाळे नाही. थंड पाण्यात मळलेला तांदळाचा पानगा म्हणून तडकतो. त्याला उपाय उकळत्या पाण्याचा. त्याने पीठ फुगून एकमेकांना धरते.

चार वाट्या पिठाला एक वाटी मऊ शिजलेला भात घ्यावा. रात्रीचा उरलेला असला तरी चालेल, मात्र तो आंबलेला नसावा. चवीपुरते मीठ आणि थोडे जिरे घालावे. उकळते पाणी बेताबेताने घालून चमच्याने कालवावे आणि हाताला सोसेल तेव्हा चांगले मळावे. ओले फडके झाकून थोडा वेळ ठेवावे. पळसाच्या धुतलेल्या पानावर अर्ध्या बोटाएवढा जाड पानगा थापावा, वर दुसरे पान ठेवून दाबावे. मंडईच्या दिवसांत पळसाची पाने जून, जाड असतात, लवकर जळत नाहीत. पुढे पानगळ होते, म्हणून हा पदार्थ याच दिवसांत साधतो.

गोवऱ्यांचा जाळ आणि धूर पूर्ण जाऊ द्यावा. निखाऱ्यांवर राखेचा पातळ थर आला, की पानगे मांडावेत आणि वरूनही थोडे निखारे घालावेत. पान आतली वाफ धरून ठेवते, त्यामुळे पानगा बाहेरून खरपूस आणि आत मऊ होतो. खालचे पान काळे पडले, की उलटावा. स्वच्छ काडी खुपसून पाहावी. पीठ चिकटले नाही, तर झाला. सोबत वांगे-पोपटाची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर तुपाची धार. उरलेला पानगा सकाळी चहाबरोबरही छान लागतो.

छत्तीसगडकडचे आपले सोयरे अशीच अंगाकर रोटी करतात. कोकणात केळीच्या पानात पानगी भाजतात, पण ती तव्यावर. पान आणि विस्तव यांची ही सोय पुष्कळ घरांनी आपापल्या परीने साधली आहे.

एक सूचना मनावर घ्या. या दिवसांत धानाचे पुंजणे आणि तणीस जवळपास असते. निखारे त्यांच्यापासून लांब, वारा अडेल अशा जागी करा. पाण्याची बादली भरून ठेवा. लहान मुलांवर एकाने लक्ष ठेवावे, आणि उठताना विस्तव पाणी टाकून पूर्ण विझवावा.

कामाची वाटणी आधीच सांगून टाका. मुलांनी पाने आणावी, धुवावी. लेकींनी थापावे. निखारे पुरुषांनी सांभाळावे. आमचे जावईबापू पहिल्या वर्षी लाजले होते. आता दुसऱ्या कोणाला चिमटा देत नाहीत! सासूबाई खाटेवर बसून "उलटव, करपला बघ," असे सांगत. आणि सून? तिने सगळ्यांबरोबर पंगतीत बसावे, रात्री नाटकाला जावे.

सासूबाईंनो, तुम्हाला एवढेच सांगणे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपल्या गावच्या मंडईची तारीख लिहाल, तेव्हा शेजारी सुनेच्या माहेरच्या मंडईचीही लिहा. दोन्ही लागोपाठ आल्या, तर तिचा भाऊ दारात आल्यावर तुम्हीच पुढे होऊन म्हणा, "जा बाई, पानगे आम्ही करतो."