हेलसिंकीतले सव्वीस तास

सोलापूरहून मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत जाऊन आलेल्या कुणालाही 'प्रवास कसा झाला?' असे विचारा, उत्तर तासांत मिळते. 'दोहाला सात तास काढले', 'फ्रँकफर्टला अकरा तास काढले.' हे 'काढले' मला फार बोलके वाटते. आपण कळ काढतो, दिवस काढतो, तसेच हे तास काढणे. काचेपलीकडे एक अख्खे शहर असते आणि आपली माणसे काचेअलीकडे, मांडीवर पर्स आणि औषधांची पिशवी धरून, खुर्चीत डुलक्या घेत असतात.

डिसेंबर २०२२ मध्ये धाकट्या मुलीच्या बाळंतपणासाठी आम्हाला न्यू जर्सीला जायचे होते. दिल्लीहून हेलसिंकी, तिथून न्यूयॉर्क. हेलसिंकीला एक थांबा तीन तासांचा होता, दुसरा सव्वीस तासांचा. भाडे जवळपास सारखेच. मी सव्वीसचा घेतला. घरात गहजब झाला. 'या वयात? डिसेंबरात? फिनलंडला?' माझ्या मेव्हण्याने तर बर्फात सापडलेल्या गिर्यारोहकांच्या दोन गोष्टी जेवताना ऐकवल्या.

माझा विचार वेगळा होता. बँकेच्या नोकरीत माझ्या सात बदल्या झाल्या. प्रत्येक गावी नवे घर, नवी शाळा, नवा दूधवाला, हे सगळे सौ.ने लावले. निवृत्तीनंतर मी कादंबऱ्या लिहू लागलो. तिला कसली निवृत्ती? आणि न्यू जर्सीत पाऊल टाकल्या क्षणापासून ती बाळंतिणीच्या खोलीत अडकणार हे दिसतच होते. इकडचे घर आणि तिकडचे घर यांच्या मधले हे सव्वीस तास तेवढे कुणाच्याच मालकीचे नव्हते. ते खुर्चीत बसून घालवायचे?

आता थोडा व्यवहार, कारण तो आधी केला नाही तर पुढचे काहीच घडत नाही. विमानतळाबाहेर पडायला शेंगेन व्हिसा लागतो. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर आहे म्हणजे इथेही चालेल, हा समज अनेकांचा असतो. तो चालत नाही. अर्जासोबत किमान तीस हजार युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा दाखवावा लागतो. मोठ्या माणसाची व्हिसा फी जून २०२४ पासून नव्वद युरो झाली आहे. परतीच्या वाटेवरही उतरायचे असेल तर एकापेक्षा अधिक प्रवेशांचा व्हिसा मागावा. थांबा चोवीस तासांहून मोठा असला की सामान बहुधा मध्येच ताब्यात घ्यावे लागते, हे तिकीट काढतानाच विचारून ठेवलेले बरे. आम्ही मोठ्या बॅगा विमानतळावरच्या सामानघरात टाकल्या आणि एका हातपिशवीत औषधे, कानटोप्या आणि कडक भाकरी घेऊन निघालो. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला मनाई आहे; ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी यांना कुणी हरकत घेतली नाही.

खरा हिशेब पैशांचा नव्हताच, उजेडाचा होता. सोलापूर साडेसतरा अंशांच्या जरा वर, हेलसिंकी साठ अंशांवर. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य अकरा तास असतो. तिथे तो सव्वानऊनंतर उगवतो आणि सव्वातीनच्या आत मावळतो. ऐन दुपारीही क्षितिजाच्या जेमतेम सहा अंश वर. आमचे विमान तीनला टेकले, म्हणजे बाहेर येईपर्यंत अंधार. दुसऱ्या दिवशी पाचचे विमान, म्हणजे पावणेदोनला शहर सोडायचे. सव्वीस तासांत हाती उजेड आला साडेचार तासांचा. तीस वर्षे दुसऱ्यांच्या शिलकेची चिंता वाहिलेल्या माणसाला एवढी तुटपुंजी शिल्लक बघून एक प्रकारचा हुरूपच येतो! मी नियम करून टाकला: अंधारात जे घराच्या आत आहे ते पाहायचे, आणि उजेड फुटला की एक मिनिटही छपराखाली घालवायचे नाही.

विमानतळावरून शहराच्या मध्यवर्ती स्थानकापर्यंत आगगाडी अर्ध्या तासात नेते. हे स्थानक एलिएल सारिनेन या वास्तुकाराने बांधलेले, १९१९ सालचे. दाराशी हातात दिव्यांचे गोल धरलेले चार दगडी पुरुष उभे आहेत. पायाखाली बर्फ. पण पदपथांवर बारीक खडी पसरलेली असते आणि बुटांचे तळ खरखरीत असले की चालता येते. म्हातारी माणसे बुटांना खिळ्यांचे पट्टे लावून बाजारहाट करत होती. आमच्याकडे ते नव्हते. आम्ही एकमेकांचा दंड धरून चाललो. सोलापुरात नवी पेठेतून असे चालण्याची आमची हिंमत झाली नसती.

पहिला अंधार आम्ही ओदी या वाचनालयात घालवला. फिनलंड ६ डिसेंबर १९१७ रोजी स्वतंत्र झाले. त्या स्वातंत्र्याच्या शताब्दीची भेट म्हणून, संसदेच्या अगदी समोर, ५ डिसेंबर २०१८ रोजी हे वाचनालय उघडले. पुतळा नव्हे, स्तंभ नव्हे, वाचनालय! आत जायला पैसे नाहीत, ओळखपत्र नाही. वरच्या मजल्यावर पुस्तके आणि आरामखुर्च्या, मधल्या मजल्यावर कुणालाही वापरता येतील अशी यंत्रे. त्यांत शिलाई यंत्रे दिसताच सौ. थबकली. चादरींच्या आणि गणवेशांच्या गावची बाई ती. एक विशीतला मुलगा पँटची खालची पट्टी शिवत होता आणि दोरा सारखा तुटत होता. सौ.ने खुणेने विचारले, त्याने खुर्ची दिली, तिने ताण सैल करून दिला. दोघांना एकमेकांचे अक्षरही कळत नव्हते. पर्यटनपुस्तिकेत न सापडणारी अशी दहा मिनिटे घाईत फिरणाऱ्याच्या वाट्याला येत नाहीत.

तिथून सेनेट चौक. पांढरे कॅथेड्रल, उंच पायऱ्या, खाली नाताळचा लाकडी टपऱ्यांचा बाजार. ग्लॉगी नावाचे गरम पेय तिथे मिळते; लवंग, दालचिनी, तळाशी बेदाणे आणि बदाम. मद्याशिवायही मिळते, पण तसे सांगावे लागते. पुल्ला नावाचा गोड पाव फोडला आणि वेलदोड्याचा वास आला. वेलदोडा मूळचा आपल्या दक्षिणेतल्या घाटांतला. इतक्या उत्तरेला जाऊन तो पावात बसला आहे.

पावाचे आणखी एक. फिनलंडच्या पश्चिम भागात राय धान्याचा चपटा, मध्ये भोक असलेला पाव करतात. पूर्वी तो वर्षातून दोनतीनदाच भाजत आणि आढ्याखाली काठीत ओवून टांगून ठेवत. वाळून कडक झाला की महिनोन्‌महिने टिके. आम्ही हॉटेलच्या खोलीत तो पाव आणि आपली कडक भाकरी शेजारी ठेवून खाल्ली. दोन्हींचा आवाज सारखाच!

हॉटेलात सौना होती. लाकडी खोली, तापलेले दगड, त्यांवर पळीने पाणी ओतायचे. सौनाच्या परंपरेला २०२० मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत स्थान मिळाले. पुरुषांची वेळ वेगळी, बायकांची वेगळी. आणि अंगावर कपडे नसणे हाच शिष्टाचार. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या फंदात पडू नये. सोलापूरच्या माणसाला उष्णतेचे काय कौतुक, असे मनात म्हणतच मी आत गेलो. पण मे महिन्यातली आपली उष्णता आपल्याला पिळून काढते, ही मात्र दिवसभराचा गारठा सोडवत जाते. शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी वीस मिनिटांत एकच प्रश्न केला: 'आणखी पाणी?' इतका समाधानकारक संवाद मी अनेक साहित्य संमेलनांत ऐकलेला नाही. सौ. आपल्या पाळीला आधी नको म्हणाली, मग गेली, आणि लालबुंद चेहऱ्याने परत येऊन म्हणाली, 'गुडघा दुखायचा थांबलाय. उद्या चालेन मी.'

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच आम्ही बंदरावरच्या बाजारचौकात उभे होतो. इथून सुओमेनलिन्नाला बोट जाते; शहराचे रोजचे तिकीटच तिला चालते आणि हिवाळ्यातही ती सुरू असते. पंधरा मिनिटांचा प्रवास, बोटीखाली कुरकुरणारा पातळ बर्फ. समुद्रातल्या बेटांवर बांधलेला हा किल्ला. स्वीडनच्या अमलात, १७४८ मध्ये त्याचे काम सुरू झाले. १८०८ मध्ये तो रशियाच्या हाती पडला, आणि १९१८ मध्ये त्याला आजचे फिनिश नाव मिळाले. १९९१ पासून तो जागतिक वारसा आहे. आपल्या भुईकोट किल्ल्याला खंदक आहे, इथे खंदकाचे काम समुद्रच करतो. आणि तटाच्या आत आजही शेकडो माणसे राहतात. एक बाई लहान मुलाला घसरगाडीवर बसवून ओढत बालवाडीला नेत होती.

हेलसिंकीचा डिसेंबर बहुतेक ढगाळ असतो. आमचे नशीब म्हणायचे, त्या दिवशी ऊन पडले. मधाच्या रंगाचे, आडवे, अजिबात ऊब नसलेले. तटावर उभे राहिलो तर आमच्या सावल्या बर्फावरून पार तोफांपर्यंत गेलेल्या. सूर्य इतका खाली असला की सावली उंचीच्या नऊपट होते. पाच फुटांच्या सौ.ची सावली पंचेचाळीस फुटांची भरली. ती हात वर करून बघू लागली, खाली करू लागली. चौतीस वर्षांच्या संसारात मी तिला असे खेळताना पाहिले नव्हते. खिशात फोन वाजला, मुलीचा होता. 'बरी आहेस ना? मग पोचल्यावर बोलू,' एवढेच म्हणून तिने तो ठेवून दिला.

पुढचे बेत माझ्या वहीत लिहून तयार होते. १८८९ सालच्या जुन्या बाजारगृहात माझ्यासाठी सामन माशाचे सूप, तिच्यासाठी भाताची खीर भरलेली रायची कारेलियन पुरी. मग २ क्रमांकाच्या ट्राममध्ये उबेत बसून शहराला वळसा, आणि शेवटी तेंपेलिआउकिओ, खडक फोडून बांधलेले १९६९ सालचे चर्च.

'परतीची बोट किती वाजता आहे?' तिने विचारले.

मी वेळ सांगितली. निघायला हवे होते.

'आणि त्याच्यापुढची?'

आम्ही त्याच्यापुढच्या बोटीने आलो. चर्च राहिले.