पिवळ्या पोटाचा सॅपसकर

पिवळ्या पोटाचा सॅपसकर (शास्त्रीय नाव: स्फायरॅपिकस व्हॅरिअस) हा सुतार पक्ष्यांच्या कुळातील, झाडांच्या रसावर उपजीविका करणारा उत्तर अमेरिकेतील पक्षी आहे. कॅनडा व अमेरिकेच्या ईशान्य भागातील वनांत त्याची वीण होते. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे, पार पनामापर्यंत स्थलांतर करतो. भारतात तो आढळत नाही.

'सॅपसकर' म्हणजे रस शोषणारा. हे नाव काहीसे फसवे आहे. कारण हा पक्षी रस शोषत नाही, तर कुंचल्यासारख्या टोकाच्या जिभेने तो चाटतो.

== ओळख ==
लांबी सुमारे २० सेंमी, वजन सुमारे ५० ग्रॅम. अंगावर काळे-पांढरे पट्टे व कपाळ लाल असते. नराचा गळा लाल, तर मादीचा पांढरा असतो. पोटाचा पिवळा रंग फिकट असल्याने दुरून क्वचितच जाणवतो. त्यामुळे नावावर विसंबण्यापेक्षा मिटलेल्या पंखावरील लांबट, उभा पांढरा पट्टा पाहावा. खोडावर चोच आपटण्याचा त्याचा नादही वेगळा आहे: आरंभी द्रुत, मग अडखळत मंदावणारा.

== रसाच्या खाचा ==
वसंताच्या आरंभी हा पक्षी खोल, गोल छिद्रे पाडून काष्ठातून वर चढणारा रस घेतो. पाने फुटल्यानंतर तो उथळ, चौकोनी खाचा पाडतो. त्यांतून पानांत तयार झालेला, अधिक साखरेचा रस पाझरतो. मात्र तो वाहता राहावा म्हणून या खाचा वरचेवर कोराव्या लागतात. भूर्ज व मॅपल ही त्याची आवडती झाडे. रसाकडे आलेले कीटकही तो खातो आणि पिलांना भरवतो.

या श्रमाचा लाभ इतरांनाही होतो. लाल कंठाचा गुंजनपक्षी वसंतात उत्तरेकडे येतो तेव्हा तेथे फुले फारशी उमललेली नसतात. त्या दिवसांत तो या खाचांतील रसावर निर्वाह करतो.

== झाडांची हानी ==
खाचांनी खोडाला वेढा पडला, तर त्यावरील भाग वाळतो; कधी संपूर्ण झाडही मरते. तथापि खोडावरील प्रत्येक छिद्राचा दोष या पक्ष्याला देणे योग्य नव्हे. खोडकिड्यांची छिद्रे विखुरलेली असतात, तर सॅपसकरची आडव्या, नेटक्या ओळींत असतात. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्यानुसार त्याला संरक्षण आहे. त्यामुळे बागाईतदार त्याला मारण्याऐवजी खोडाच्या ओरबाडलेल्या भागाभोवती गोणपाट गुंडाळतात.