सिलिंडर हेडच्या स्टडचा ताण : टॉर्क, घर्षण आणि मापन

प्रस्तावना

पुणे आणि इंजिन यांचे नाते जुने आहे. १९४६ साली खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आजही वेताळ टेकडीवर कार्यरत आहे. २०१३ साली चाकणच्या बजाज कारखान्यातून बाहेर पडू लागलेल्या केटीएम ३९० या मोटारसायकलचे ३७३ घनसेंटिमीटरचे इंजिन पुढे देशभरातील अनेक अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या शर्यतीच्या मोटारींत बसले. अशाच एका विद्यार्थी चमूमुळे प्रस्तुत लेखक या विषयाकडे वळला. लेखकाचा विषय भौतिकशास्त्र आहे, यंत्र अभियांत्रिकी नव्हे. परंतु सिलिंडर हेडचे नट आवळणे हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या प्रथम वर्षाच्या प्रयोगवहीतलाच आहे, हे ध्यानात आल्यावर त्याविषयी लिहिणे उचित वाटले.

स्टडचे कार्य

सिलिंडरमध्ये इंधनाचा स्फोट होतो तेव्हा वायूचा दाब पिस्टनला खाली आणि हेडला वर ढकलतो. हेड जागेवर धरून ठेवण्याचे काम स्टड करतात. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला पोलादी दांडा. त्याचे एक टोक इंजिनाच्या अॅल्युमिनिअमच्या अंगात बसते आणि दुसऱ्या टोकावर नट येतो. नट आवळला की स्टड ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे हेड व गॅस्केट दाबून धरतो. येथे हूकचा नियम लागू होतो. नट ‘घट्ट बसला’ या शब्दप्रयोगाने ही गोष्ट झाकली जाते. प्रत्यक्षात नट काही धरत नाही, धरतो तो ताणलेला स्टड.

परिमाणाची कल्पना यावी म्हणून एक आकडेमोड पाहू. वर उल्लेखिलेल्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ८९ मिलिमीटर आहे. ज्वलनाचा कमाल दाब ८० बार मानला तर हेडवर सुमारे ५० किलोन्यूटन, म्हणजे साधारण पाच टन वजनाइतके बल येते. चार स्टड असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १२.५ किलोन्यूटन येतात. संपीडन गुणोत्तर वाढवलेल्या किंवा अकाली स्फोट होणाऱ्या इंजिनात हा आकडा बराच वर जातो. शिवाय वायू आणि पाणी दोन्ही अडवण्यासाठी गॅस्केटवर मुळातच पुरेसा दाब हवा. त्यामुळे प्रत्येक स्टडमध्ये याच्या तिप्पट, म्हणजे सुमारे ३८ किलोन्यूटन ताण आधीच भरून ठेवावा असे समजू. स्टड १० मिलिमीटर व्यासाचा, १.२५ मिलिमीटर आट्यांचा आणि १०.९ प्रतीच्या पोलादाचा असेल, तर त्याची सुरक्षित मर्यादा सुमारे ५१ किलोन्यूटन असते. ३८ हा आकडा त्या मर्यादेच्या पाऊणपट आहे. स्टडची ताणली जाणारी लांबी १२० मिलिमीटर धरल्यास या ताणाने तो अवघा ०.३६ मिलिमीटर वाढतो.

हवी असते ती ही पाऊण-अर्धा मिलिमीटरच्या आतली वाढ. टॉर्क रेंचने मोजला जातो तो मात्र नट फिरवण्याचा जोर.

घर्षणाचा वाटा

नटावर लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा भाग नटाच्या खालच्या पृष्ठाच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात जातो आणि स्टड ताणण्यासाठी जेमतेम १० टक्के उरतो. व्यवहारात यासाठी एक सोपे सूत्र वापरतात : टॉर्क म्हणजे गुणांक, स्टडचा व्यास आणि ताणबल यांचा गुणाकार. सगळी अनिश्चितता या गुणांकात दडलेली आहे. कोरड्या आट्यांसाठी तो सुमारे ०.२० धरतात; मॉलिब्डेनम असलेले ग्रीस लावल्यास तो ०.१२ च्या आसपास उतरतो. तेव्हा तेच ३८ किलोन्यूटन साधण्यासाठी कोरड्या स्टडला सुमारे ७६ न्यूटन-मीटर लागतात, तर ग्रीस लावलेल्याला सुमारे ४६. दोन्ही आकडे बरोबर आहेत, परंतु आपापल्या जागी.

उपरोक्त चमूने नेमकी येथे ठेच खाल्ली. पहिल्या जुळणीत त्यांनी स्टड पेट्रोलने धुऊन कोरडे बसवले आणि पुरवठादाराच्या कागदावरील ग्रीससाठीचा आकडा लावला. वरील गणितानुसार ताण केवळ २३ किलोन्यूटनच्या घरात राहतो. तिसऱ्या चाचणीत पाण्याच्या टाकीत बुडबुडे येऊ लागले. गॅस्केट उडाले होते. मग दोन जाणत्यांचा सल्ला घेण्यात आला. एकाने सांगितले, ग्रीस लावा; दुसऱ्याने सांगितले, ७५ पर्यंत आवळा. मुलांनी दोन्ही सल्ले एकदम मानले. या संयोगात ताण ६३ किलोन्यूटनच्या जवळ जातो. या प्रतीच्या पोलादाची नती मर्यादा सुमारे ५७ आहे आणि तुटण्याची मर्यादा जेमतेम ६४. स्टड तुटले नाहीत, हे नशीब. हेड काही दिवसांनी पुन्हा गळू लागले आणि स्पर्धा सहा आठवड्यांवर आली होती.

लेखकाकडे ही मंडळी आली ती स्क्रू गेजसाठी. सर्लच्या पद्धतीने यंग गुणांक काढण्याच्या प्रयोगासाठी आमच्या प्रयोगशाळेत तो असतोच, परंतु त्याची धाव २५ मिलिमीटरपर्यंतच. अखेर भोसरीतील एका कारखान्यातून १०० ते १२५ मिलिमीटरचा मायक्रोमीटर उसना आणला. वापरलेले चार स्टड आणि त्याच पाकिटातला एक कोरा स्टड मोजला. वापरलेल्यांपैकी तीन स्टड कोऱ्यापेक्षा ०.१ मिलिमीटरहून अधिक लांब भरले. हे स्टड लवचीकतेची मर्यादा ओलांडून कायमचे वाढले होते. ज्या विद्यार्थ्यांनी वर्षभरापूर्वी प्रतिबल-विकृतीचा आलेख परीक्षेत विनाचूक काढला होता, त्यांना तो आलेख हातात घेऊन मोजता येतो याचे आश्चर्य वाटले. हा दोष त्यांचा कमी आणि आपल्या प्रात्यक्षिकांचा जास्त आहे, असे लेखकाचे प्रांजळ मत आहे.

जुळणीतील दक्षता

आवळण्याआधीची स्वच्छता आवळण्याइतकीच महत्त्वाची आहे. इंजिनाच्या अंगातील पुष्कळशा भोकांचा तळ बंद असतो. तेथे तेल किंवा पाणी साचले असेल तर स्टड खाली जाताना ते दाबले जाते आणि ओतकामाला तडा जाऊ शकतो. जुने आटे साफ करताना धातू कापणारा टॅप वापरू नये, कारण त्याने अॅल्युमिनिअमचे आटे आणखी सैल होतात. त्यासाठी साफसफाईचा वेगळा टॅप मिळतो. स्टड अंगात हातानेच, हलके बसवावेत. पक्कडीने आवळण्याची सवय आपल्या गॅरेजांत सर्रास दिसते. त्याने काही साधत नाही, उलट आट्यांवर नको तो पीळ पडतो. नटाखाली कठीण पोलादाचा वॉशर हवाच, अन्यथा नट अॅल्युमिनिअममध्ये रुततो आणि घर्षणाचा सगळा हिशेब बदलतो. ग्रीस लावायचे ते आट्यांना आणि नटाच्या खालच्या पृष्ठालाही. ही दुसरी जागा नेहमी विसरली जाते, वास्तविक निम्मे घर्षण तिथेच असते.

टॉर्क तीन-चार टप्प्यांत द्यावा. चार स्टडच्या हेडवर समोरासमोरचे नट तिरपे घ्यावेत. अनेक सिलिंडरच्या लांब हेडवर मधून सुरुवात करून बाहेर जावे. रेंच संथपणे, न थांबता ओढावा. मध्येच थांबलेला नट पुन्हा हलवताना स्थितिक घर्षण आडवे येते आणि ताण न वाढताच रेंच ‘टक्’ करतो. म्हणूनच फेरतपासणीच्या वेळी, निर्मात्याने तशी सूचना दिली असल्यास, एकेक नट किंचित सैल करून मगच आवळतात.

चांगला रेंच ठरवलेल्या टॉर्कच्या चार टक्क्यांच्या आत असतो. तरीही केवळ टॉर्कवर विसंबल्यास प्रत्यक्ष ताणात २५ ते ३० टक्के फरक पडू शकतो, कारण चूक रेंचमध्ये नसून घर्षणात असते. त्यामुळे अनेक आधुनिक इंजिनांत आधी थोडा टॉर्क आणि मग ठरावीक अंश फिरवणे अशी रीत आली. वरील उदाहरणात ०.३६ मिलिमीटर वाढीला नटाचे सुमारे १०५ अंश फिरणे पुरते; हेड आणि गॅस्केट दबतात तितके अंश अधिक लागतात. या रीतीत घर्षणाचा प्रभाव पुष्कळ घटतो. जहाजांच्या प्रचंड डिझेल इंजिनांत तर नट आवळतच नाहीत. जलदाबाच्या साधनाने स्टड सरळ ओढून ताणतात आणि नट नुसता खाली आणून बसवतात.

त्या चमूने तिसऱ्या वेळी नवे स्टड घेतले. प्रत्येकावर क्रमांक घालून त्याची लांबी वहीत नोंदवली, पुरवठादाराने सांगितलेले ग्रीस लावले आणि त्याच कागदावरचा आकडा वापरला. चाचण्यांनंतर हेड उघडून स्टड पुन्हा मोजले, तेव्हा चारही लांबी पूर्वीच्या नोंदीशी ०.०१ मिलिमीटरच्या आत जुळल्या. ती वही आता आमच्या प्रयोगशाळेत आहे आणि सर्लच्या प्रयोगानंतर हे स्टड मोजण्याचा एक तास यंदापासून जोडला आहे. १२५ मिलिमीटरच्या मायक्रोमीटरची मागणी विभागाने नोंदवली असून तो अद्याप यायचा आहे.