ग्रंथालयाची खिडकी संगणकावर



आपल्या ग्रंथालयातील पुस्तकांची नोंद आजही जाड रजिस्टरात आहे. हवे ते पुस्तक कपाटात आहे की कोणी नेले आहे, एवढे विचारण्यासाठीही शाळेत यावे लागते. हे उत्तर घरी मोबाइलवर मिळावे म्हणून जावा भाषेत एक छोटी 'रेस्ट' सेवा तयार करता येते. वरच्या वर्गांतील मुलांना जमेल असे हे काम आहे, म्हणून त्याची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

ग्रंथालयात वाचक स्वतः कपाट उघडत नाही. तो खिडकीशी चिठ्ठी देतो आणि आतील व्यक्ती पाहून उत्तर देते. येथे मोबाइल हा वाचक, जावाचा प्रोग्रॅम ही खिडकी आणि डेटाबेस हे कपाट. या पद्धतीला 'रेस्ट' हे नाव रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात दिले. तिच्यात प्रत्येक वस्तूला स्वतःचा पत्ता असतो, उदाहरणार्थ 'पुस्तके/१२'. त्या पत्त्यावर 'गेट' म्हटले की माहिती मिळते, 'पुट'ने ती बदलते, 'डिलीट'ने काढली जाते. नवी नोंद 'पुस्तके' या पत्त्यावर 'पोस्ट'ने होते. उत्तरासोबत एक अंक येतो: २०० म्हणजे काम झाले, २०१ म्हणजे नवी नोंद झाली, ४०४ म्हणजे असे काही सापडले नाही.

प्रथम मायएसक्यूएलमध्ये दोन तक्ते करावेत. 'पुस्तके' या तक्त्यात क्रमांक, नाव व लेखक. 'देवघेव' या तक्त्यात पुस्तक क्रमांक, विद्यार्थी, नेल्याची व परत केल्याची तारीख. मग स्प्रिंग बूटच्या मदतीने जावात तीन भाग लिहावेत: पुस्तकाचे रूप सांगणारा 'एंटिटी', डेटाबेसशी बोलणारा 'रिपॉझिटरी' आणि चिठ्ठी घेऊन उत्तर देणारा 'कंट्रोलर'. ही सर्व साधने विनामूल्य मिळतात, हे विश्वस्त मंडळींनी कृपया लक्षात घ्यावे.

दोन गोष्टींत हयगय नको. वाचकाने टाइप केलेला मजकूर डेटाबेसच्या आज्ञेत तसाच जोडू नये. तो वेगळा, पॅरामीटर म्हणून द्यावा. नाहीतर एखादा खोडकर मजकुराऐवजी आज्ञाच लिहून सारा तक्ता पाहू किंवा पुसू शकतो. दुसरे, 'देवघेव'ची नोंद जशीच्या तशी बाहेर पाठवू नये. तसे केले, तर कोणत्या मुलाने कोणते पुस्तक नेले हे साऱ्या जगाला दिसेल. बाहेर फक्त 'उपलब्ध आहे' किंवा 'नाही' एवढेच जावे, आणि नोंद बदलण्याचा अधिकार पासवर्डसह ग्रंथपालांकडेच असावा.

आरंभ मात्र रजिस्टरापासून करावा. एकाच लेखकाचे नाव दोन तऱ्हेने लिहिले असेल, तर संगणकाला ते दोन लेखक वाटतात. ज्या विद्यार्थ्यांना या कामात रस असेल, त्यांनी आधी पन्नास पुस्तकांची शुद्ध यादी करून आम्हांस दाखवावी.