श्रद्धा, शाहिरी आणि मतपेटी

पुण्यात निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ बहुधा ग्रामदैवत कसबा गणपतीच्या दर्शनानंतर फुटतो. पक्ष कोणताही असो, उमेदवार ही रीत सहसा मोडत नाही. श्रद्धा आणि राजकारण यांचे नाते या शहरात सार्वत्रिक मताधिकारापेक्षा जुने आहे. १८९३ च्या सुमारास गणेशोत्सव सार्वजनिक झाला आणि लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून त्याला बळ दिले, तेव्हा सामान्य पुणेकराला मत नव्हते. राजकीय सभांवर सरकारची नजर असे. उत्सवात मात्र लोक उघडपणे जमत. मेळ्यांतल्या पदांमधून राजकीय विचार पेठापेठांत पोहोचत, म्हणून पुढे मेळ्यांवरही निर्बंध आले. वर्गणी, मांडव आणि मिरवणूक सांभाळणारा कार्यकर्ता याच उत्सवाने घडवला. निवडणुकीत घरोघर स्लिपा वाटणारे आणि बूथवर बसणारे हात आजही अनेकदा गणेश मंडळांतूनच येतात.

श्रद्धेने माणसे एकत्र आणली, तर कलेने त्यांच्या मागणीला शब्द दिले. मराठी भाषकांच्या राज्यासाठी संयुक्त महाराष्ट्र समिती ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झाली. शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांनी भाषावार प्रांतरचनेसारखा रुक्ष विषय डफाच्या तालावर लोकांपुढे मांडला. अण्णाभाऊंच्या 'माझी मैना'मध्ये दुरावलेली प्रिया ही महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाची व्यथा झाली. १९५७ च्या निवडणुकीत समितीच्या बाजूने पुण्यातून ना. ग. गोरे लोकसभेवर आणि एस. एम. जोशी विधानसभेवर निवडून गेले. आणीबाणीनंतर, १९७७ मध्ये, पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या सभांतून बोलले. पुण्यातून त्या पक्षाचे मोहन धारिया विजयी झाले.

श्रद्धेला प्रचारात किती जागा द्यायची, हे कायद्याने ठरवले आहे. आचारसंहितेनुसार प्रार्थनास्थळाचा वापर प्रचाराचे व्यासपीठ म्हणून करता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. मुंबईतील विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतील रमेश प्रभू यांची निवड धार्मिक आवाहनामुळे रद्द झाली आणि डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. हा धर्म केवळ उमेदवाराचा की मतदाराचाही, हा वाद उरला होता. मुंबईतल्याच एका निवडणुकीवरून निघालेल्या अभिराम सिंग खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी तो मिटवला. चार विरुद्ध तीन अशा बहुमताने पीठाने मतदाराचा धर्मही या मनाईत धरला. तीन न्यायाधीशांचे म्हणणे वेगळे होते: धर्मामुळे किंवा जातीमुळे ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांना तो निवडणुकीत मांडता आला पाहिजे.

श्रद्धेने आणि कलेने जागवलेली निवडणुकीतली आशा मात्र मुदतीची असते. १९५७ च्या यशानंतरही महाराष्ट्र राज्य व्हायला १ मे १९६० उजाडला, तर १९७७ चे जनता सरकार १९७९ मध्येच कोसळले. कसबा पेठ विधानसभा मतदारसंघात १९९५ पासून भाजपकडे असलेली जागा २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसने जिंकली आणि २०२४ मध्ये भाजपने परत मिळवली. विजय कायमचा नाही आणि पराभवही नाही, या खात्रीमुळे हरलेला पक्ष निकाल मान्य करून पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागतो.